दोन खाचांचा बाण

मी बाण बोलतोय. धनुष्यावर चढणारा नव्हे. गणिताच्या पुस्तकात दोन विधानांच्या मधे आडवा पडलेला असतो ना, तो. 'हे खरं असेल तर ते खरं' एवढंच सांगायचं माझं काम. छापखान्यातला खिळा मी, शिशाचा, नखाएवढा. सुखदुःख मला फारसं होत नाही, त्यामुळे जे झालं ते जसंच्या तसं सांगतो.

एका बंद पडलेल्या छापखान्याचा माल आमच्या छापखान्याच्या मालकांनी घाऊक उचलला, त्यात आम्ही पाच बाण आलो. पाचही उजवीकडे तोंड केलेले. लाकडी खणात माझ्या शेजारी बरोबरचं चिन्ह होतं. त्याचं बरं असतं, कसंही ठेवा, फरक पडत नाही. 'पेक्षा मोठा' मात्र उलटला की 'पेक्षा लहान' होतो, आणि जणू जन्मापासून तसाच होता अशा थाटात बसतो. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

प्रत्येक खिळ्याच्या अंगावर एका बाजूला खाच असते. खिळे जुळवणाऱ्याच्या अंगठ्याला ती लागली की खिळा सरळ आहे, बघायची गरज नाही. आमच्या जुळाऱ्याला सगळे काका म्हणत. एकदा रसायनशास्त्राचं पुस्तक आलं. त्यात डावीकडे तोंड केलेला बाणही हवा होता. काकांनी मला उलटा फिरवला, पण मग खाच खाली जायची आणि त्यांचा अंगठा अडायचा. शेवटी कानशीने त्यांनी माझ्या दुसऱ्या अंगालाही खाच पाडली.

"घे, आता तू दोन्ही गावचा जावई," ते म्हणाले.

पुढे वीसेक वर्षं गेली. काकांच्या डोळ्यांपुढे धुकं आलं. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. कुठल्या खणात कुठलं अक्षर, ते हाताला पाठ होतं. मशीनवाल्याला ते रोज ऐकवत, "माझी चूक छापून बाहेर गेली, की त्याच दिवशी एप्रन खुंटीला." मशीनवाला म्हणे, "म्हणजे तुम्ही काही आम्हाला सोडत नाही."

काकांची मुलगी गणिताची शिक्षिका. तिने मुलांसाठी पुस्तक लिहिलं आणि ते वडिलांनीच जुळवावं म्हणून हट्ट धरला. काका म्हणाले, "तू वाच, मी जुळवतो. लक्ष लागतं." तिला वाटलं, म्हाताऱ्याची लहर. तीन महिने ती शाळा सुटल्यावर यायची, वाचायची, कच्ची छपाईही तीच तपासायची.

एक्केचाळिसावं पान तिने तपासून दिलं. फक्त एक झिजलेलं अक्षर बदलायचं होतं. काकांनी ओळ सैल केली, तेव्हा मी टेबलावर पडलो. त्यांनी मला उचललं, अंगठा फिरवला, खाच लागली, परत बसवलं. पानं मशीनवर गेली. पाचशे प्रती निघाल्या.

'चारने भाग जातो, म्हणून दोनने भाग जातो' असं सांगायला तिने मला ठेवलं होतं. आता मी उलट सांगत होतो: दोनने जातो, म्हणून चारने जातो. सहा हा आकडा घेतला की खोटं उघडं पडावं. पाचशे वेळा सांगितलं मी ते. काही वाटलं नाही.

पहिली प्रत तिने तिथंच उघडली.

"कसं उतरलंय?" काकांनी विचारलं.

"छान."

"एवढंच? तीन महिने उभं केलंस मला."

मशीनवाला म्हणाला, "बाई, निदान चहा तरी सांगा."

ती एक्केचाळिसाव्या पानावर थांबली होती. मग ते पान तिने वडिलांसमोर धरलं. मुद्दाम, वरचं खाली करून. "बाबा, बघा ना, हा बाण कसा उठलाय."

"झकास," काका म्हणाले. "ठळक उठलाय."

तिने पुस्तक मिटलं आणि चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी ती एक चिठ्ठी घेऊन आली, वाचू लागली. "शुद्धिपत्र. पान एक्केचाळीस. बाणाची दिशा उजवीकडे हवी. लेखिकेच्या नजरचुकीबद्दल क्षमस्व."

काकांचा हात थांबला. "कागदावरच उलटा होता?"

"हो."

"वाचताना तू उजवीकडे म्हणाली होतीस."

"चुकून म्हणाले असेन, बाबा."

खिळ्यांचं ते जुळवलेलं पान अजून मोडलं नव्हतं. काकांनी मला त्यातून काढलं. अंगठा एका बाजूने फिरवला, मग दुसऱ्या बाजूने. बराच वेळ मी त्यांच्या तळहातावर होतो. हात गार होता, किंवा मी गार असेन.

"तू जा," ते म्हणाले. "शाळेला उशीर होईल."

संध्याकाळी चिठ्ठ्या छापून तयार होत्या. ती पुस्तकांत घालायला बसली. पाच-सहा घातल्यावर तिने एक वाचली. 'जुळाऱ्याच्या नजरचुकीबद्दल क्षमस्व.'

एप्रन खुंटीला होता. काका रॉकेलने हात पुसत बाकावर बसले होते.

"चल," ते म्हणाले. "दारापर्यंत हात धर. पायरी कुठं आहे, ते आता विचारायला हरकत नाही."

मला त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकून आणलं. आता मी तिच्या टेबलावर असतो. काका अधूनमधून मला उचलतात, दोन्ही खाचा चाचपतात आणि पुन्हा ठेवतात.

"कुठं तोंड आहे गं?"

"खिडकीकडे, बाबा."

"मग ठीक."

माझं मागणं फार नाही. ठेवाल त्या दिशेला मी बोट दाखवीन, तक्रार करणार नाही. म्हणून ठेवताना एकदा बघून ठेवा. बघता येत नसेल, तर कुणाला तरी विचारा.