श्वास धरायचा सराव

"श्वास घ्या काकी... आणखी थोडो... आतां धरा."

छतातल्या स्पीकरमधून सिद्धीचा आवाज आला आणि विनोदिनीने छाती भरून श्वास कोंडला. लगेच काळीज कानांत धडधडू लागलं. मिटल्या डोळ्यांपुढे डिचोलीतली सोडून दिलेली, पावसाच्या पाण्याने भरलेली खाण उभी राहिली. तिथे ती लहानपणी पाय घसरून पडली होती. तांबडं पाणी नाकातोंडात शिरलं होतं. ती मशीनच्या टेबलावरून धडपडत उठू लागली.

"उठूं नाकात!" सिद्धी धावत आत आली. "मशीन बंदच आसा. आज फक्त सराव."

सिद्धी किरणांचं मशीन चालवायची. वयाने विनोदिनीच्या मुलीएवढी. तिने पुन्हा समजावलं. कॅन्सर डाव्या बाजूचा. ऑपरेशन झालं, आता तिथे किरण द्यायचे, आणि काळीज तिथेच खाली. पूर्ण श्वास भरून धरला की ते किरणांच्या वाटेतून थोडं सरतं.

"पण भियेलात की ठोके वाढतात, मगे श्वास टिकना. पयलीं ठोक्यांकडे ध्यान द्या. श्वास हळू सोडलो की तेय हळू जातात."

"आणि जमलां ना तर?"

"तर तसेच द्यायचे. डॉक्टर सांभाळूनच देतात. पण जमलां तर बरां."

दुपारी घरी, दारापुढच्या सोप्यावर, तिचा नवरा शिवदास तिचं मनगट धरून बसला. खनिज वाहणाऱ्या बार्जवर इंजिन सांभाळण्यात त्याची उमर गेली होती. भिणं त्याला ठाऊकच नाही, असं गाव म्हणायचा.

"कायेक होवचां ना. घे श्वास."

तिने घेतला. पुन्हा तेच पाणी. पुन्हा घेतला, पुन्हा सुटला. शेवटी तिला रडू फुटलं. "माका जमना हो! मरण समोर दिसता."

त्याने तिच्या मनगटावरची पकड घट्ट केली. तिने ती सोडवली आणि उलट त्याच्याच मनगटावर आपली बोटं ठेवली. नाडी अशी उडत होती की तिचा हात दचकला.

"ह्यां कितां? तुमची तर माझ्यापरस जोरात!"

शिवदासने मान फिरवली. "तुका ऑपरेशनाक आत नेलां, तेन्नापासून अशीच आसा. सांगू कोणाक?"

इतके महिने आपण एकटीच भीत आहोत, असं ती समजून होती.

"सोडा श्वास," ती म्हणाली. "हळू. सगळो सोडा."

तो सोडत राहिला. तिच्या बोटांखाली नाडी हळूहळू संथ झाली, आणि मग तिच्या लक्षात आलं, आपले कानही शांत झालेत. दोघांनी मिळून श्वास धरला. पाणी आलंच, पण हनुवटीपाशी थांबलं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात मशीनच्या खोलीचं जाड दार लागलं आणि ती आत एकटी उरली. तिने श्वास सगळा सोडला, ठोके उतरण्याची वाट पाहिली, मग छाती भरून घेतली. मशीन घुमू लागलं. ते थांबेपर्यंत तिने श्वास सोडला नाही.

"जमलां, काकी! आणखी एकदां."

बाहेर आल्यावर तिला सडकून भूक लागली. इस्पितळासमोरच्या हॉटेलात तिने पातळभाजी-पाव मागवला. शिवदासच्या पुढ्यातला पाव तसाच राहिला. त्याने तो मोडायला घेतला आणि त्याचे खांदे हलू लागले. एवढा मोठा माणूस, आवाज न करता रडत होता. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

विनोदिनीने आपली खुर्ची ओढून त्यांच्या आणि त्याच्या मध्ये घेतली, आणि त्यांच्याकडे पाठ करून सावकाश जेवत राहिली.