तळ्याची पांढरी तबकडी

जेवणाच्या ताटाएवढी आहे मी, पण माझ्यात आजवर कुणी जेवलेलं नाही. मित्रांनो, मी एक जुनी पांढरी तबकडी आहे. तळ्याचं पाणी किती नितळ आहे, हे मोजणं माझं काम.

मला एका पत्रेवाल्याने कापलं. मध्ये दोरीसाठी भोक पाडलं, खाली शिशाचं वजन लावलं आणि विचारलं, "बाई, एवढ्या जड ताटात वाढायचं तरी काय?"

"तळं," बाई म्हणाल्या.

"मग पंगत मोठी दिसतेय!"

बाई म्हणजे तळ्याकाठच्या लहानशा प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ. पाणी, शेवाळ, मासे, चिखल आणि काठावरची माणसं यांचा मिळून एकच संसार आहे, एकाला धक्का बसला की सगळ्यांना बसतो, असं त्या सांगत. आज हे तुम्हीही सांगाल. तेव्हा मात्र विद्वान मंडळी मासा वेगळा आणि चिखल वेगळा अभ्यासत, आणि बाईंना मागून 'तळेकाकू' म्हणत.

दर आठवड्याला भर दुपारी बाई एकट्याच होडी वल्हवत तळ्याच्या मध्यावर जात. होडीच्या सावलीत मला दोरीने खाली सोडत. मी दिसेनाशी झाले की दोरीवरची खूण बघत. पाणी नितळ असेल तर मी खोलवर दिसे, गढूळ असेल तर चटकन नाहीशी होई. ऊन, ढग, वारा, सगळं त्या टिपून ठेवत. परतल्यावर मला पुसत, कुठे टवका उडाला असेल तर पांढऱ्या रंगाचा हात फिरवत. ते माझे सुखाचे दिवस.

मग काठावर रंगाचा कारखाना आला. त्याचं सांडपाणी नळावाटे तळ्यात येऊ लागलं. वर्षागणिक मी लवकर दिसेनाशी होऊ लागले. बाईंनी पाणीखात्याकडे तक्रार केली आणि नळ बंद करायचा की नाही, हे ठरवायला सभा बोलावली गेली. बाईंकडे पुरावा एकच होता, मी.

सभेच्या तोंडावर परगावी नोकरी करणारी त्यांची लेक रजेवर आली. "आज वल्ही मी मारते," म्हणत तीही होडीत बसली. मला पाण्यात सोडलं.

"गेली," बाई म्हणाल्या.

"कुठे गेली? मला चांगली दिसतेय की!"

"काहीतरीच काय!"

"अगं आई, खरंच. सोड अजून दोरी."

बाईंनी दोरी सोडली. बरीच सोडली. तेव्हा कुठे लेक म्हणाली, "हं. आता नाही दिसत."

बाईंनी एकेक डोळा झाकून पाण्यात पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ऊन, ढग, वारा सगळं त्यांनी लिहिलं होतं. स्वतःचं वय तेवढं लिहायचं राहिलं होतं.

"आई, परवा सभा आहे. आता हे बोललीस तर सगळं मुसळ केरात."

"आणि गप्प बसले तर तळ्याच्या तोंडी खोटं घातल्यासारखं होईल."

"पण पाणी बिघडतंय, हे खरंय ना?"

"बिघडतंय. किती, ते आता मला ठाऊक नाही. आणि ते विचारायलाच तर सभा भरवलीय."

बाईंनी सभेत सगळं सांगून टाकलं. पाणीखात्याचे इंजिनिअर म्हणाले, "म्हणजे तळं नाही, बाईच गढूळ झाल्यात!" सभा हसली. नळ चालू राहिला.

बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. लेक नोकरी बदलून घरी परतली आणि दोघींनी पहिल्यापासून मोजायला घेतलं. आधी एकीने बघायचं, मग दुसरीने. दोघींनी आपापला आकडा एकमेकींना न सांगता लिहायचा. यात वर्षं गेली. तेवढ्या काळात काठाजवळचे मासे मेले, हे मी लपवणार नाही. बाईंच्या खरेपणाची किंमत तळ्याने मोजली. मात्र नव्या आकड्यांत खोट काढायला कुणाला जागा उरली नाही. नळ बंद झाला, तेव्हा बाई हयात नव्हत्या.

त्यानंतर मी कपाटामागे पडून पिवळी झाले. लेक येई, मला हातात घेई आणि परत ठेवून देई.

एक दिवस तेच इंजिनिअर आले. आता निवृत्त झाले होते. "पाणी सुधारलं का हो?" त्यांनी विचारलं.

"मोजलं नाही. त्याला दोन माणसं लागतात."

त्यांनी खिडकीतून तळ्याकडे पाहिलं. "मी आलो तर चालेल?"

लेकीने त्यांना आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. मग मला खरवडून नवा रंग दिला. होडीत दोघांनी आळीपाळीने वाकून पाहिलं. आकडे जुळले नाहीत, बोटभर फरक पडला.

"तुमचाच बरोबर असणार. तोच ठेवा," इंजिनिअर म्हणाले.

"नाही काका. दोन्ही लिहायचे."

मित्रांनो, माझा रंग मळला तरी तळं गढूळच वाटेल आणि उगाच कुणावर तरी आळ येईल. म्हणून मोजायचं साधन स्वच्छ ठेवत जा. आणि पाण्यावर जाताना एकटे जाऊ नका. तुमच्यापेक्षा वेगळं दिसतं असं तोंडावर सांगणारं एक माणूस होडीत असू द्या.