अक्का नावापाशी थांबली

साहेब, माझ्या बहिणीचं बरोबर वाक्य तुम्ही चूक ठरवलंत.

मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला बाई हवी होती. ‘लुक फॉरवर्ड टू’ वापरून वाक्य लिहा, हा त्या परीक्षेतला तुमचा प्रश्न. वत्सलाक्काला हा प्रयोग मी शिकवलेला. मी शाळा अर्धी सोडलेला, इंग्रजी रद्दीच्या पुस्तकांतून उचललेलं. ‘टू’च्या पुढे, ज्याची आस आहे ते मांडायचं, एवढंच तिला सांगितलं होतं. गाइडात नमुना होता सुट्टीचा. अक्का म्हणाली, मला कसली आलीय सुट्टीची आस?

तिचे यजमान नागपट्टणहून बोटीनं मलायाला गेले. आधी पत्रं येत, मग तीही थांबली. टपालवाल्याची वेळ झाली की अजून अक्काचं दळण थांबतं.

तिनं लिहिलं, ‘आय लुक फॉरवर्ड टू सुंदररावज रिटर्न.’ नवऱ्याचं नाव हातानं लिहायला आम्हा इकडच्या मराठी घरांत आडकाठी नाही, जिभेवर आणायला आहे. शेजारच्या मीनाक्षीबाई तर चिडवायच्या, “इंग्रजीत उखाणा घे गं, मलायापर्यंत पोचेल.”

तुम्ही म्हणालात, वाचून दाखवा. मी दाराबाहेर उभा होतो. अक्का ‘टू’पर्यंत आली आणि थांबली. तुम्ही दरडावलंत. ती पुन्हा पहिल्यापासून निघाली, पुन्हा तिथंच थांबली. मग तुम्ही सगळ्यांदेखत तमिळमध्ये म्हणालात, “स्वतःचं वाक्य वाचता येत नाही. कुणीतरी लिहून दिलंय.” आणि वाक्यावर चुकीची फुली मारलीत. बाकीच्या बायकांनी माना खाली घातल्या. त्यांना कळलं होतं, पण बोलली एकही नाही. जागा सुट्टीच्या वाक्याला गेली.

कावेरीच्या काठानं परत येताना अक्का घाटाकडे वळली. पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले तेव्हा म्हणाली, “ओठांवर आलं होतं रे, एकोजी. एकदा म्हणून बघावं असंही वाटलं. पण नाव घेतलं आणि तिकडे त्यांचं आयुष्य उणं झालं तर?”

 ते आहेत की नाहीत हे कुणाला ठाऊक? पण तिनं एक नोकरी देऊन त्यांना जिवंत ठेवलंय.

तुम्ही याच गावचे, साहेब. तुमच्या घरात तुमची बायको तुम्हाला नावानं हाक मारते का? मग अक्का का थांबली, हे तुम्हाला कळू नये? ते वाक्य बरोबर होतं की चूक? सांगा.