व्याह्यांच्या गाडीतली लौंग सेव

रघुवीरराव पागनीस एअरपोर्टवर चार माणसांच्या देखत मिशीला हात लावून बोलले, आणि तिथेच फसले.

"श्रीपादराव, तुमच्या गाडीत एक उंदीर जरी शिरला ना, तर ही मिशी उतरवून देईन. बस? आता जा बिनधास्त."

खरं तर मिशी कोणी मागितली नव्हती. श्रीपादराव म्हणजे रघुवीररावांचे व्याही. रघुवीररावांची अबोली श्रीपादरावांच्या मानसला दिलेली, दोघं कॅनडात, आणि तिकडे नुकतीच नात झालेली. म्हणून श्रीपादराव आणि शुभदाताई दिवाळी आटोपून निघाले होते ते थेट रंगपंचमीला परतणार होते. त्यांचं घर इंदूरच्या मल्हारगंजात. तिथल्या गल्लीत गाडी आठवडाभर हलली नाही, तर कोणीतरी तिच्यावर पापड वाळत घालतं. म्हणून ती कोरी पांढरी गाडी, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली, शहराबाहेर राऊला रघुवीररावांच्या पोर्चमधे आली. आणि श्रीपादराव चेक-इनची वेळ झाली तरी एकच धरून बसले होते: मानपुरला त्यांच्या मावसभावाची गाडी उंदरांनी आतून कशी पोखरली, कोणती वायर आधी खाल्ली, कोणती मग. रघुवीररावांना शेवटी ऐकवेना. हात मिशीवर गेला.

परत येताना शारदाताई टॅक्सीत म्हणाल्या, "गाडी सांभाळतो म्हटलं असतं तरी झालं असतं. मिशी कशाला मधे आणली?"

"अगं, बोलण्याला वजन येतं."

"वजन तुमचं आहेच की भरपूर."

मिशी होतीही तशीच. पांढरी, दाट, दोन्हीकडे झुकलेली. बँकेत होते तेव्हा लोक 'मिशीवाले साहेब' म्हणून पत्ता विचारत यायचे. पण या मिशीचा शारदाताईंना वेगळाच उपयोग होता. डॉक्टरांनी बीपीसाठी रघुवीररावांची सेव बंद केली होती. इंदूरच्या माणसाची सेव बंद केली, तर पोहे म्हणजे नुसते पिवळे तांदूळ. तेव्हा रघुवीरराव बाहेर जायचे, खायचे, रुमालाने तोंड पुसायचे, वर एक पेरूही खायचे आणि साळसूद चेहऱ्याने घरी यायचे. शारदाताई त्यांना खिडकीपाशी उजेडात उभं करायच्या आणि मिशी बघायच्या.

"हे काय?"

"काय?"

"रतलामी की उज्जैनी?"

मिशीने त्यांना दर वेळी दगा दिला होता.

गाडी आल्यावर शेजारचे विजय भिया कंपाउंडवर कोपर टेकवून उभे राहिले. "भिया, चूहे तो आएंगे. मागच्या शेतातलं सोयाबीन कापलं. आता ते जातील कुठे? आणि अपना शहर इतना साफ, रस्त्यावर दाणा सापडत नाही. बिचारे गाडीच खातील."

रघुवीरराव त्याच दिवशी उपायांना लागले. आधी डांबराच्या गोळ्या झाल्या. गाडीला लग्नातल्या जुन्या शालूचा वास यायला लागला आणि रघुवीररावांना शिंका. मग विजय भियांनी स्वतःकडचा तंबाखू दिला, बोनेटमधे ठेवायला. तो दुसऱ्या दिवशी गायब. उंदरांनी नव्हता नेला. विजय भियांचा घरातला संपला होता, तेच येऊन घेऊन गेले.

मग एका दुपारी रघुवीरराव मोबाइल घेऊन बसले, 'उंदरांना काय आवडत नाही' ते शोधायला. वाचता वाचता ताठ झाले. चष्मा पुसून परत वाचलं.

"शारदा! इकडे ये. बघ काय लिहिलंय. उंदरांना लवंग सहन होत नाही. हिंग सहन होत नाही. मिरी, लाल तिखट, नाव नको."

"मग?"

रघुवीररावांचा आवाज भरून आला. "अगं, हे सगळं एकत्र कशात असतं?"

शारदाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. बघतच राहिल्या. "नाही हं."

"लौंग सेव!"

"मी म्हटलं ना, नाही. डबीत लवंगा आहेत, हिंग आहे. त्या ठेवा नुसत्या."

"नुसत्या लवंगेचा वास उडून जातो. बेसनात तो धरून राहतो. तळलेलं असल्याने हळूहळू सुटतो. हे सायन्स आहे, शारदा. मी स्वतःसाठी मागतोय का? व्याह्यांची गाडी आहे. मुलीच्या सासरचा प्रश्न आहे."

मुलीच्या सासरचं नाव निघालं आणि शारदाताई नरमल्या. पण कच्च्या नव्हत्या. सेव आणायला स्वतः गेल्या, जुन्या मलमलच्या पुरचुंड्या केल्या आणि प्रत्येकीचं तोंड सुईदोऱ्याने शिवून टाकलं. एक आरशाला, दोन डिकीत, दोन सीटखाली, बाकीच्या बोनेटमधे तारेने बांधून. गाडी कोणा देवाला नवसाची सोडल्यासारखी दिसायला लागली.

आता बॅटरी उतरू नये म्हणून गाडी मधून मधून चालू करावी लागते. रघुवीरराव हे काम फार निष्ठेने करायला लागले. दुपारी शारदाताई पडल्या की ते गाडीत जाऊन बसत, इंजिन चालू करत, आणि बँकेत नोटांची बंडलं सोडताना शिकलेल्या सफाईने शिवण उसवत. खाऊन झालं की आरशात बघून छोट्या कंगव्याने मिशी विंचरत. गाडीला आरसा असतो तो कशाला, हे त्यांना या वयात उमगलं. पुरचुंडी फारच रोडावली की ते घरात येऊन गंभीरपणे सांगत, "वास उडाला. सेव बदलायला हवी."

"आणि जुनी कुठे टाकता?"

"ओल्या कचऱ्यात."

हे एका अर्थी खरंही होतं.

एकच गोष्ट त्यांच्या सायन्समधून सुटली होती. इंजिन गरम झालं की बोनेटमधल्या पुरचुंड्याही गरम होत. दुपारच्या शांत वेळी साऱ्या गल्लीत ताज्या घाण्याचा वास पसरे. गल्लीतून पुढे शेतात. विजय भिया भिंतीपलीकडून विचारत, "क्या बात है भिया, आज भजी का?" शेतातून कोणी काही विचारलं नाही. ते सरळ आले. आणि ते इंदूरचे उंदीर होते, मोबाइलमधलं त्यांना काही लागू नव्हतं.

संक्रांतीच्या सुमारास रघुवीरराव नेहमीसारखे गाडीत बसले, सीटखालची पुरचुंडी काढली. ही त्यांनी अजून उसवलीच नव्हती. शिवण जशीच्या तशी. पण पुरचुंडी रिकामी, आणि तळाला नीट गोल भोक. रघुवीररावांचा हात आपोआप मिशीवर गेला.

नेमकं तेव्हाच खिडकीवर टकटक झालं. शारदाताई तिळगूळ घेऊन उभ्या. त्यांनी पुरचुंडी बघितली, नवऱ्याकडे बघितलं.

"ही रिकामी कशी? तुम्ही खाल्ली की उंदराने?"

प्रश्न साधा होता. पण 'उंदराने' म्हटलं तर मिशी गेली. शारदाताईंच्या पोटात गोष्ट राहायची नाही, रात्री व्हिडिओ कॉलवर सगळ्या कॅनडाला कळलं असतं. आणि 'मी' म्हटलं तर...

"मी," रघुवीरराव म्हणाले.

"हे भोक?"

"घाईत होतो."

त्या दिवसापासून घरात दुधीचं राज्य सुरू झालं. दुधीची भाजी, दुधीचं सूप, दुधीचं थालीपीठ. रघुवीररावांनी धसका घेऊन सेवला हात लावणंच सोडलं. पण पुरचुंड्या काही रिकाम्या व्हायच्या थांबल्या नाहीत. त्या काढून टाकाव्यात, तर त्यांना मानपुरच्या मावसभावाची गाडी दिसे. सेव मिळाली नाही की हे वायरी धरतील. म्हणजे आता सेव चालूच ठेवायला हवी होती, उंदरांना हप्ता म्हणून. विजय भियांकडून ते ती चोरून मागवत आणि रात्री भरून ठेवत. सकाळी ती संपलेली असे. रिकामी पुरचुंडी बघून शारदाताई विचारत, "काल परत?" आणि रघुवीरराव मान खाली घालून, न खाल्लेल्या सेवची कबुली देत.

"लाज नाही वाटत? आजोबा झालात."

"चुकलं."

"मिशीत काही दिसत नाही पण."

"धुतली."

सगळ्यात कमाल म्हणजे, डॉक्टर खूश होते. बीपी खाली आलेलं, वजन उतरलेलं. शारदाताईंना गणित सुटेना. माणूस रोज चोरून सेव खातो आणि सडपातळ होतो? त्यांनी बीपीचं मशीन बदललं. तरी तेच.

रंगपंचमीच्या दोन दिवस आधी श्रीपादराव आणि शुभदाताई टॅक्सीने थेट राऊलाच उतरले. श्रीपादराव पांढऱ्या शुभ्र झब्ब्यात. नातीचे फोटो दाखवून झाले, चहा झाला, आणि श्रीपादराव हात चोळत उठले. "चला, आता गाडी बघू."

रघुवीरराव पहाटेच उठून सगळ्या पुरचुंड्या काढून, गाडी पुसून बसले होते.  श्रीपादरावांनी बोनेट उघडलं, टॉर्च मारला, एकेक वायर बोटाने चाचपली. मग आत बसले, चावी फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू. कुठे खरखर नाही, कुठे दिवा लागलेला नाही.

"वा रघुवीरराव! एक वायर तुटलेली नाही. मानलं तुम्हाला." श्रीपादराव फार कमी लोकांना मानत. "मिशी वाचली तुमची!"

रघुवीररावांनी श्वास सोडला. मिशीला हलकेच पीळही दिला.

"हुश्श, काय गरमी झाली हो इथे," श्रीपादराव म्हणाले. "कॅनडाची सवय लागली." आणि त्यांनी एसीचं बटण पूर्ण फिरवलं.

आधी आतून कोणीतरी खोकल्यासारखा आवाज आला. मग चारही जाळ्यांतून एकदम पिवळा फवारा सुटला. सेव, सेवचा चुरा, मलमलच्या चिंध्या. सगळ्या हिवाळ्याची साठवण. श्रीपादरावांचं डोकं, भुवया, झब्बा, सगळं पिवळंधमक. भिंतीपलीकडून विजय भिया ओरडले, "अरे भिया, रंगपंचमी की गेर तो परसों है!"

फवारा ओसरला तशी जाळीची पट्टी खटकन निघाली आणि डॅशबोर्डवर एक उंदीर आला. उंदीर कसला, वरवंटाच. त्याला पळायला हवं होतं, पण अंगाने साथ दिली नाही. दोन पावलं टाकून तो तिथेच बसला आणि श्रीपादरावांच्या बाहीवरचा एक तुकडा उचलून खायला लागला.

 श्रीपादराव तोंड उघडं ठेवून बसले होते, त्यामुळे थोडं आतही गेलं होतं. त्यांनी ते नकळत चघळलं. चेहरा बदलला.

"लौंग सेव?"

"हो," रघुवीरराव पुटपुटले.

"कुरकुरीत आहे हो! चार महिने तिकडे नुसतं उकडलेलं खातोय. कोणाकडची?"

"अहो, आधी थुंका!" शुभदाताई किंचाळल्या. "उंदराची उष्टी आहे ती!"

गाडीतून श्रीपादराव उतरले, मग सावकाश उंदीरही उतरला आणि कुंडीमागे निघून गेला. रघुवीररावांनी वायरी दाखवल्या. एकही तुटलेली नाही, म्हणजे उपाय लागूच पडला की. श्रीपादरावांनाही ते पटत होतं. पण शुभदाताईंनी झब्बा झटकत एवढंच म्हटलं, "एअरपोर्टवर काय ठरलं होतं?"

रघुवीररावांनी बायकोकडे बघितलं. निदान ती तरी मिशीच्या बाजूने उभी राहील. पण शारदाताईंच्या डोक्यात भलतंच चाललं होतं.

"म्हणजे ती सेव हे खात होते? उंदीर?"

"हो."

"तुम्ही नाही?"

"संक्रांतीपासून कण खाल्ला नाही गं. तुझी शप्पथ."

"आणि तुम्ही मुकाट्याने दुधी खाल्लात! मी काय काय बोलले तुम्हाला!" शारदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. संक्रांतीआधीचं त्यांनी विचारलं नाही आणि रघुवीररावांनी सांगितलं नाही. "जा, आधी मिशीचं उरकून या. आल्यावर गरम पोहे करते."

चौकातल्या न्हाव्याने दोनदा विचारून घेतलं, "पूरी?" आणि मग डोळे मिटून वस्तरा चालवला. आरशात एक अनोळखी गुळगुळीत माणूस बघून रघुवीररावांना भडभडून आलं. दुःख मोठं होतं, आणि त्यांना सवय होती ती एकाच औषधाची. न्हाव्याच्या शेजारच्या दुकानात घाणा नुकताच उतरत होता. कागदाचा पुडा त्यांनी तिथेच उभ्या उभ्या संपवला, दोन्ही गालांत भरून, गेल्या दोन महिन्यांचा हिशेब वसूल करत.

घरी आले तेव्हा पाहुणे गेले होते. शारदाताईंनी दारातच थांबवलं. सवयीने हात धरून खिडकीपाशी उजेडात नेलं, आणि वर बघितलं.

बघायला काही नव्हतंच. स्वच्छ, कोरा, बाळासारखा ओठ. शारदाताई बराच वेळ शोधत राहिल्या, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

रघुवीररावांनीच मान उजेडाकडे जरा आणखी वळवून दिली.

"तोंडाला लवंगेचा वास कसला येतोय?" शारदाताई म्हणाल्या.

"दाढ दुखतेय गं."

"अगंबाई! दुधीने झालं असेल," शारदाताई हळहळल्या, आणि पोह्यांवर घालायला स्वतःच्या हाताने सेवचा डबा काढायला गेल्या.