नुसतं बसून खायचं

आजींचा पासष्टावा वाढदिवस म्हणून मुलाने हॉटेलात टेबल बुक केलं होतं. "आई, आज तू नुसतं बसून खायचंस," असं त्याने गाडीत दोनदा बजावलं. ठेवणीतले कपडे घातल्याचं सार्थक झालं, असं आजींना वाटलं.

म्हणे बसून खायचं! बूड टेकतंय न टेकतंय तोच चार वर्षांचा नातू खुर्चीवरून उतरला आणि उधळला. मुलाचं डोकं मोबाइलात, सुनेचं मेनूकार्डात. "आई, बघा ना जरा त्याच्याकडे," सून म्हणाली. झालं! पुढचा तासभर आजी टेबलांमधून त्याच्या मागे. त्याने शेजारच्यांच्या सूपमध्ये बोट बुडवलं. माफी आजींनी मागितली. गरम भांडी आणणाऱ्या वेटरच्या पायांत तो घुसला, त्याला आजींनीच ओढलं, आणि वर मुलाचं ऐकून घेतलं, "आई, लक्ष कुठे असतं तुझं?"

टेबल आवरायला आलेल्या वेटरने अदबीने विचारलं, "साहेब, छोट्याला सांभाळणाऱ्या मावशींचं जेवण तसंच राहिलंय. बांधून देऊ?"

मुलाने मान वर केली नाही. "हो, बांधा."

आजी खुर्ची ओढून बसल्या. नातू स्वयंपाकघराच्या दाराकडे सुटला.

"आई, अहो, पकडा त्याला!" सून किंचाळली.

"मावशींची सुट्टी झाली," आजी म्हणाल्या, आणि त्यांनी गार झालेलं ताट पुढ्यात ओढलं.