धरलं म्हणण्याआधी

मालकांनी आणलेल्या फॉर्ममध्ये नऊ रकाने होते. आठ त्यांनी स्वतःच भरले होते. नववा 'कामगाराची सध्याची स्थिती' असा होता आणि त्यात पेन्सिलीने एकच इंग्रजी शब्द होता, अनस्केद्ड. पुढे प्रश्नचिन्ह.

"स्पेलिंग तेवढं बघा, वहिनी," ते दारातूनच म्हणाले. "आणि वाक्यात नीट बसवा. विमा कंपनीला उद्या दुपारपर्यंत द्यायचाय. दिला की सोमवारी याला परत वर चढवतो."

'याला' म्हणजे माझ्या नवऱ्याला. मालकांचं लिफ्ट दुरुस्तीचं दुकान आहे, माणसं सहा. ठमी व्हायच्या आधी मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून दुकानाची इंग्रजी पत्रं माझ्याकडे येतात. ठमी आता दहा महिन्यांची आहे. ती झोपते तेवढा वेळ माझा. सकाळी पाऊण तास, दुपारी तासभर, तोही तिची मर्जी असेल तर.

मी डिक्शनरी काढली. अर्थ सरळ होता. इजा न होता, धोक्यातून धडधाकट सुटलेला. खाली वापर दिला होता: हा शब्द बहुतेक वेळा 'बाहेर आला', 'सुटला' अशा क्रियापदांनंतर येतो. आणि एक उदाहरण होतं, एक मंत्री चौकशीतून अनस्केद्ड बाहेर आले. म्हणजे शब्द नुसता शरीराचा नाही, अब्रूचाही आहे. आपल्याकडे सुखरूप म्हणतात, पण त्यात सुख आहे. केसालाही धक्का लागला नाही म्हणतात, ते जास्त जवळचं.

याच्या केसाला खरंच धक्का लागलेला नव्हता. मी अपघाताच्या दिवशीच त्याला डोक्यापासून पायाच्या नखांपर्यंत बघितलं होतं. साधं खरचटलेलंही नव्हतं. पण त्या दिवसापासून, म्हणजे दहा दिवस, त्याने ठमीला उचललं नव्हतं.

हे तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं. आधी हाताला ग्रीस होतं. मग सर्दी झाली, तिला लागेल म्हणून. मग, "तिला खाली सतरंजीवर ठेव ना, मी बसतो तिच्याजवळ." बसायचाही. डबे वाजवून दाखवायचा, हत्ती व्हायचा. ती हात वर करून 'घे घे' करायला लागली की याला हटकून काहीतरी आठवायचं आणि तो उठायचा.

आमच्या घरात मूल एका हातातून दुसऱ्या हातात द्यायची एक रीत आहे. ती दुकानातून आली. उंचीवर जड वस्तू देताना देणारा विचारतो, "धरलं?" घेणारा म्हणतो, "धरलं." ते ऐकल्याशिवाय देणारा सोडत नाही. ठमी चार दिवसांची असताना हा घाबरून मला म्हणाला होता, "आपण पण तसंच करू." तेव्हापासून अंघोळीनंतर, बसमध्ये चढताना, डॉक्टरांकडे, सगळीकडे आमचं चालू. धरलं? धरलं. मुलगी असली तरी धरलंच. माझी आई म्हणते, नात आहे की सिमेंटचं पोतं?

फॉर्म हातात होता, त्यामुळे मला विचारायला निमित्त मिळालं. दुपारी ठमी झोपल्यावर मी टेबलाशी बसले आणि म्हटलं, "मालकांनी लिहिलंय, 'वजन निसटले'. कसं निसटलं?"

"निसटलं. त्यात काय कसं?"

"विमावाले विचारतील."

"मग मालक सांगतील."

"मालक तिथे होते का?"

तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग पाठमोराच बोलायला लागला. लिफ्ट वर जाते तेव्हा दुसऱ्या बाजूने बिडाच्या लाद्यांची एक चौकट खाली येते, तोल राहावा म्हणून. त्या लाद्या बदलायच्या होत्या. हा लिफ्टच्या टपावर उभा. उस्ताद, म्हणजे दुकानातले सगळ्यात जुने मेकॅनिक, पाचव्या मजल्याच्या दारात. ते एकेक लादी देणार, हा घेऊन चौकटीत बसवणार. एकेक लादी ठमीच्या तिप्पट वजनाची.

"सतरा दिल्या," तो म्हणाला. "सतरा वेळा धरलं, धरलं. अठराव्याला ते म्हणाले, धरलं? मी म्हणालो, धरलं. आणि मी धरलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तोंड पुढे गेलं, हात मागे राहिले. माझ्या गुडघ्याला वारा लागला फक्त. लादी पाच मजले खाली गेली. लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात माझी पाण्याची बाटली होती, तिचा कागद झाला. दहा मिनिटं आधी मी तिथे उकिडवा बसून झाडत होतो. सगळे म्हणतात काळ आला होता पण वेळ आली नव्हती. उस्तादांनी मालकांना सांगितलं, माझ्या हातून सुटली. त्यांनी स्वतःवर घेतलं. मी गप्प बसलो."

मला ती लादी दिसत नव्हती. आमच्या न्हाणीघराची ओली फरशी दिसत होती.

"म्हणून ठमीला घेत नाहीस?"

"तू विचारणार धरलं, आणि मी म्हणणार धरलं," तो म्हणाला. "मला कसं कळणार, खरंच धरलंय की नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद सहीला आले. साक्षीदार म्हणून त्यांची सही लागत होती. चहा घेतला, ठमीला पाहिलं, म्हणाले, "सूनबाई, ही तर मालकांवर गेली. काम काही नाही, आवाज मोठा."

मी त्यांच्यापुढे फॉर्म ठेवला. हा समोरच बसला होता. तोच म्हणाला, "उस्ताद, सही नका करू. तुमच्या हातून सुटली हे खोटं आहे. धरलं मी म्हणालो होतो."

"मग? मी ऐकलंच होतं."

"तरी तुमच्या नावावर घेतलंत?"

"अरे माझ्या हातातूनच सुटली ना ती. तुझ्या हातात ती आलीच कुठे होती?" उस्तादांनी कप खाली ठेवला. "ऐक. तू न बघता म्हणालास, मी न बघता सोडली. तीस वर्षं झाली मला, मी कानाने सोडतो. डोळे कुठे होते माझे? चहावाल्याकडे. तेव्हा तू एकट्याने रडून घेऊ नकोस, अर्धं माझं आहे."

ठमी माझ्या मांडीवर फॉर्मचा कोपरा चघळत होती.

"आता मी नवीन ठरवलंय," उस्ताद म्हणाले. "घेणाऱ्याने आधी वस्तूला दोन झटके द्यायचे, स्वतःकडे ओढून. झटके लागले की मग धरलं. नुसतं तोंडाने म्हणालास तर मी दुपारपर्यंत सोडणार नाही. उभा राहा तसाच."

मी कोपरा ठमीच्या तोंडातून सोडवला आणि नववा रकाना भरला. पेन्सिलीचा शब्द खोडला. लिहिलं की शरीराला इजा नाही, पण दोन आठवडे जमिनीवरचं काम द्यावं. आठव्या रकान्यात, वजन कसं निसटलं तिथे, मालकांचं वाक्य खोडून दोघांनी सांगितलं तसं लिहिलं. उस्तादांनी सही केली, यानेही केली. मालकांना फोन करून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आधीचा शब्द चांगला होता हो, वहिनी. वजनदार होता." मग म्हणाले, "दोन आठवडे? बरं. गोदाम लावायचं पडलंच आहे."

उस्ताद गेले. ठमीची अंघोळीची वेळ झाली होती. बादलीत गरम पाणी काढून ठेवलं होतं, बाकीची तयारी करायची होती आणि ती माझ्या कडेवर. रोज मी तिला सतरंजीवर ठेवून जायचे. आज ठेवलं नाही. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हात पुढे केले, तिच्या काखेत घातले. मी विचारलं नाही. त्याने तिला आपल्याकडे हलकेच एकदा ओढलं, मग आणखी एकदा. ठमीला वाटलं हा नवा खेळ आहे. ती खिदळली आणि त्याच्या शर्टाची कॉलर मुठीत पकडली.

"धरलं," तो म्हणाला. आणि लगेच, "थांब, सोडू नकोस."

मी थांबले. त्याने हात थोडे वर घेतले, बोटं नीट केली, तिचं वजन छातीवर घेतलं. पुन्हा दोन झटके. पुन्हा खिदळणं.

"आता," तो म्हणाला.

मी एक हात काढला. तो बघत होता. मग दुसरा. बादलीतलं पाणी तेवढ्यात निवलं होतं, ते परत तापवायला ठेवलं.