नानांची वायर

शिंदखेड्याच्या कन्याशाळेतली संगणकांची खोली धनसिंगनानांच्या डोळ्यांत केव्हाची खुपत होती. नाना संस्थेचे अध्यक्ष आणि कापसाचे व्यापारी; त्यांना तिथे आपलं ऑफिस थाटायचं होतं. निमित्तही आयतंच मिळालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकही संगणक सुरू होईना. आज तर फाटकाशी भंगारवाल्याचा टेम्पोच उभा राहिला.

"बठ्ठा पोकळ डबा शेतस," नाना म्हणाले. "आतमा काहीच नही. उचला!"

पोकळ होते हे खरं. त्यांच्यात हार्ड डिस्कच नव्हती. बटण दाबलं की प्रत्येक डबा वायरीवरून हाक मारायचा, मी राहू कुठे आणि खाऊ काय? कपाटातला सर्व्हर, म्हणजे मुख्य संगणक, त्याला पत्ता द्यायचा आणि लागणारे सगळे प्रोग्रॅमही पोटभर वाढायचा. पण नानांनी सुट्टीत कापसाचे भाव बघायला राउटर आणला आणि त्याची वायर खुशाल संगणकांच्या याच जाळ्यात खुपसली. आता हाक आली की राउटरच आधी ओ द्यायचा. पत्ता द्यायचा, वाढायचा मात्र काही नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय!

संगणक शिकवणाऱ्या मयुरीने हे नानांना कितीदा सांगितलं. "मनी वायरले हात लावू नको," एवढंच उत्तर मिळालं. वायर काढावी तर नोकरी जाणार, न काढावी तर मुलींचे संगणक भंगारात. मुली दाराशी दप्तरं घेऊन उभ्या होत्या. मयुरीला भीती वाटत होती, पण संताप त्याहून मोठा होता. ती सरळ भिंतीपाशी गेली आणि तिने नानांची वायर उपटली.

"काय करी ऱ्हायनी तू?"

"पाहुण्यांना जेवायला घालतेय, नाना."

तिने बटणं दाबली. काळे पडदे क्षणभर तसेच राहिले. मग एक उजळला, दुसरा उजळला, आणि बघता बघता सगळी रांग. मुली धावत जागेवर बसल्या.

वायरीबरोबर इंटरनेट गेलं आणि नानांच्या मोबाइलवरचे कापसाचे भाव अडकले. "वायर लाव, नही ते नोकरी गयी समज!"

"गेली तर गेली. पण तसं लेखी द्या. संगणक सुरू केले म्हणून काढली, असं लिहा."

भंगारवाल्याने खोलीत डोकावलं. "नाना, हाऊ ते चालू माल शे," म्हणत तो टेम्पोकडे वळला.

"उठा बठ्ठ्या!" नाना सगळ्या मुलींवर गरजले. एकही उठली नाही. पुढच्या रांगेत त्यांची सख्खी नात डिंपल बसली होती. पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली,

"नाना, तास चालू शे. तुम्ही बाहेर जा."